मोजणीतून लाइनआउटकडे : अनुभवी भूमापकाने बांधकामाच्या साइटवर जाताना

भूकरमापक म्हणून निवृत्त झालेला, किंवा खासगी मोजणीला कंटाळलेला माणूस बांधकामाच्या साइटवर लाइनआउटला, म्हणजे ड्रॉइंगमधली इमारत जमिनीवर आखून द्यायला, गेला की पहिल्याच आठवड्यात त्याला दोन वाक्यं ऐकायला मिळतात. एक, "साहेब, तुम्हाला तर हे सगळं येतंच." दुसरं, "साहेब, उद्या सकाळी काँक्रीट आहे, आजच मार्किंग द्या." पहिलं वाक्य अर्धं खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा पूर्ण खरं असतं.

हद्द कायम करणाऱ्याला लाइनआउटची दिशा ओळखीची वाटते, कारण तिथेही कागदावरची रेष जमिनीवर आणायची असते. फरक पडतो तो चूक झाल्यावर. हद्दीत चुकलं तर शेजारी हरकत घेतो, निमताना मोजणी (वरिष्ठांकडून फेरमोजणी) लागते, तारखा पडतात आणि शेवटी दगड उपटून दुसरीकडे रोवता येतो. कॉलम उपटता येत नाही. म्हणून खाली जे टप्पे दिले आहेत त्यांतला जवळपास प्रत्येक टप्पा एकाच गोष्टीसाठी आहे : काँक्रीट पडायच्या आधी चूक सापडली पाहिजे, आणि ती तुमच्या यंत्राने नव्हे तर वेगळ्या मार्गाने सापडली पाहिजे.

एक इशारा आधीच. सरकारी नोकरीत असतानाच शनिवार-रविवारी लाइनआउटची कामं घ्यायचा विचार असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आधी वाचा. परवानगीशिवाय खासगी धंदा किंवा नोकरी करता येत नाही. निवृत्ती किंवा राजीनामा झाल्यावरच पुढचं.

पहिली साइट कुठली निवडावी

बंगल्याचं लाइनआउट सोपं वाटतं, पण तिथे शिकवणारं कोणी नसतं. मालक, मिस्त्री आणि तुम्ही, एवढेच. तीस-चाळीस मजली टॉवरवर शिकवणारे असतात, पण तिथला वेग नव्या माणसाला झेपत नाही. माझ्या मते सहा ते बारा मजल्यांची गृहप्रकल्पाची साइट सर्वांत बरी : कायम साइट इंजिनिअर असतो, आरसीसी कन्सल्टंटचा (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याचा) माणूस तपासणीला येतो, आणि खोदाईपासून स्लॅबपर्यंतचं सगळं चक्र काही महिन्यांत डोळ्यांसमोरून जातं.

लोखंडी सांगाड्याच्या कारखान्याची शेड मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. तिथे अँकर बोल्ट पेडेस्टलमध्ये (लोखंडी खांबाखालच्या चबुतऱ्यात) काँक्रीटने पक्के होतात आणि त्यावर फॅक्टरीतून भोकं पाडून आलेली प्लेट बसायची असते. एका गटातल्या बोल्टांमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की क्रेन उभी राहते आणि तिच्या भाड्याची चर्चा तुमच्याकडे बघून होते.

डोक्यातलं माप बदला

जुन्या टिपणात ३३ फुटांची शंकू साखळी आणि तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडं जास्त. पुढे ईटीएस (टोटल स्टेशन, कोन आणि अंतर एकत्र मोजणारं यंत्र) आलं, रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र) आला, पण ज्या नकाशाशी ताळा करायचा तो बऱ्याचदा जुनाच राहिला. १:१००० च्या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेष जमिनीवर २५ सेंटिमीटर व्यापते. १:५००० वर तीच रेष सव्वा मीटर होते. या कागदांवर आयुष्य गेलेल्या माणसाला दहा सेंटिमीटरचा फरक 'जुळलं' असा वाटणं साहजिक आहे.

साइटवरची मापं अशी आहेत. आयएस ४५६ : २००० या संहितेत कॉलम आणि बीमच्या छेदाच्या मापाला अधिक १२ आणि उणे ६ मिलिमीटरची सवलत आहे. फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या) लांबी-रुंदीला अधिक ५० आणि उणे १२. फुटिंग जागेवरून सरकलं तर त्या दिशेच्या रुंदीच्या ०.०२ पट, आणि कितीही मोठं फुटिंग असलं तरी ५० मिलिमीटरच्या वर नाही. म्हणजे दीड मीटरच्या फुटिंगला ३० मिलिमीटर. शिवाय ही सवलत एकट्या तुमची नसते. शटरिंग (काँक्रीटचा साचा) फुगतं, सळ्या काँक्रीटच्या धक्क्याने सरकतात, सुताराची पट्टी थोडी तिरकी लागते. एकूण सवलतीतला तिसरा हिस्सा मार्किंगचा, असं मनाशी धरून चाला. कॉलमच्या मार्किंगला तीन मिलिमीटरच्या आत राहायची सवय लावली की बाकीचं सांभाळता येतं.

मिस्त्री आणि सुतार अजूनही सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा जरासं जास्त. "दोन सूत बाहेर आहे" हे ऐकलं की डोक्यात लगेच सहा मिलिमीटर उमटलं पाहिजे.

साइटवर जाण्याआधी : ड्रॉइंग

यंत्र तुम्हाला येतं. न येणारी गोष्ट ड्रॉइंग आहे, आणि तयारीचा बहुतेक वेळ त्यावरच घालवावा.

गट नकाशा एक कागद असतो. इमारतीचे कागद डझनावारी असतात आणि ते एकमेकांशी भांडतात. आर्किटेक्टचं वर्किंग ड्रॉइंग वेगळं, आरसीसी कन्सल्टंटचा सेंटर लाइन प्लॅन वेगळा, फुटिंगचा, प्लिंथ बीमचा, प्रत्येक स्लॅबच्या शटरिंगचा वेगळा. लाइनआउट आरसीसीच्या सेंटर लाइन प्लॅनवरून करायचं, पण त्याआधी तो आर्किटेक्टच्या प्लॅनवर ठेवून बघायचा. जिन्याची रुंदी, लिफ्टचा खड्डा आणि बाहेरच्या भिंतीची बाजू, भांडण बहुधा या तीन ठिकाणी निघतं. निघालं तर स्वतः निवाडा करू नका. लेखी प्रश्न पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत त्या भागाचं मार्किंग थांबवा. मोठ्या साइटवर या प्रश्नाला आरएफआय म्हणतात. छोट्या साइटवर साधा ईमेलही चालतो, फक्त तोंडी नको.

ड्रॉइंग हातात आलं की पाच गोष्टी पाहायच्या :

१. 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' असा शिक्का आहे का, आणि रिव्हिजन कितवी. आर-२ आली की आर-१ ची प्रत साइटवरून काढून घ्या. सुताराच्या खिशातली सुद्धा.

२. तुटक मापांची बेरीज एकूण मापाशी जुळते का. हे हाताने करा. ड्राफ्ट्समन कधीकधी रेष तशीच ठेवून तिच्यावरचा आकडा टाइप करून बदलतो. कागदावर ४२०० दिसतं आणि फाइलमध्ये रेष ४०५० ची असते.

३. छापील कागदावर पट्टी लावून माप काढायचं नाही. नकाशावर स्केल लावून अंतर काढण्यात हात बसलेला असतो, म्हणूनच हे सांगावं लागतं. इथे लिहिलेलं माप खरं. लिहिलेलं नसेल तर विचारायचं.

४. कॉलमचा मध्य ग्रिडच्या (ड्रॉइंगमधल्या आडव्या-उभ्या संदर्भरेषांच्या जाळ्याच्या) रेषेवर आहे, हे गृहीत धरायचं नाही. २३० बाय ६०० चा कॉलम भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सपाट बसवलेला असू शकतो. मग ग्रिडची रेष कॉलमच्या एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला १७० मिलिमीटर सोडून जाते. मी प्रत्येक कॉलमचे चारही कोपरे वेगळे बिंदू म्हणून काढतो, मध्य काढतच नाही. त्यामुळे कॉलम आडवा की उभा हा घोळही तिथेच मिटतो.

५. वरच्या मजल्यांवर कॉलमचं माप कमी होतं का, आणि होत असेल तर कुठली बाजू सरळ वर जाते. हे तळमजल्यालाच टिपून ठेवा, सातव्या मजल्यावर आठवत नाही.

कॅड शिकणं आता टाळता येत नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही. तुम्हाला डिझाइन करायचं नाही. फाइल उघडणं, एकक तपासणं, बिंदूचे निर्देशांक काढणं, फाइल फिरवून-सरकवून आपल्या ग्रिडवर बसवणं आणि बिंदूंची यादी बाहेर काढणं, एवढं पुरतं. एक्सेल बरोबरीने लागतं. सरावासाठी एखाद्या बंगल्याचा सेंटर लाइन प्लॅन घ्या, सगळ्या कॉलमच्या कोपऱ्यांचे निर्देशांक आधी हाताने एक्सेलमध्ये काढा आणि मग कॅडमधून काढलेल्या यादीशी ताडून पाहा. दोन्ही याद्या पूर्ण जुळेपर्यंत नोकरीसाठी फोन करू नका.

कॅडमध्ये मोजणीवाल्याला हमखास फसवणाऱ्या दोन जागा आहेत. कॅडचा एक्स म्हणजे पूर्व आणि वाय म्हणजे उत्तर, आणि बरीच टोटल स्टेशन आधी उत्तर मागतात. कॅड कोन पूर्वेपासून डावीकडे मोजतं, तुम्ही उत्तरेपासून उजवीकडे. पूर्व-उत्तर सगळ्याच बिंदूंची उलटी भरली गेली तर इमारत आरशात पाहिल्यासारखी उलटी उतरते. त्यातली मेख अशी की सगळी अंतरं बरोबर येतात, कर्णही जुळतात, बॅकसाइटचं (यंत्राची दिशा लावायला पाहिलेल्या ओळखीच्या बिंदूचं) अंतरसुद्धा जुळतं. ही चूक फक्त तिसरा ओळखीचा बिंदू पाहिल्यावर उघडी पडते. म्हणून दोन बिंदूंवर यंत्र बसलं की काम सुरू करायचं नाही, तिसरा पाहायचाच.

यंत्राची झडती

यंत्र कंपनीचं असो की भाड्याचं, पहिल्या दिवशी अर्धा दिवस त्याला द्या.

प्रिझम कॉन्स्टंट सगळ्यात आधी, म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या प्रिझमसाठी अंतरात जो ठरावीक फरक धरायचा असतो तो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिझमची किंमत वेगळी असते. लायकाचं यंत्र आणि दुसऱ्या बनावटीचं प्रिझम अशी जोडी साइटवर सर्रास दिसते, आणि तिथे सुमारे ३० मिलिमीटरचा फरक गुपचूप बसतो. तपासायला सोपं आहे : सपाट जागी पोलादी टेपने वीस मीटर मोजा आणि तेच अंतर यंत्राने घ्या. मिनी प्रिझम लावलं की पुन्हा तपासा. यंत्रात आधीच्या साइटचा स्केल फॅक्टर (अंतराला गुणायचा आकडा) राहिलेला नाही ना, तेही पाहा. तो बरोबर १ हवा.

कोनाची अचूकता पाच सेकंदांची असेल तर १०० मीटरवर सुमारे अडीच मिलिमीटर जातात. म्हणून यंत्र शक्यतो पन्नास-साठ मीटरच्या आत ठेवा आणि बॅकसाइट मार्किंगच्या बिंदूपेक्षा लांबची घ्या. दोन्ही फेसवर (दुर्बीण सरळ आणि उलटी करून) वाचन घेऊन फरक पाहा. ऑटो लेव्हलची (उंची मोजायच्या दुर्बिणीची) दोन खुंट्यांची चाचणी दर महिन्याला करा. यंत्र टेम्पोतून आलं असेल तर त्याच दिवशी.

दोन मीटरच्या काठीवरचं प्रिझम इथे विसरा. काठीचा बुडबुडा दहा मिनिटांच्या कोनाने चुकलेला असला तर टोक जवळपास सहा मिलिमीटर सरकतं. शेताच्या बांधावर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉलमला मिनी प्रिझम, जमिनीपासून जितकं खाली धरता येईल तितकं.

आता रोव्हर. महाराष्ट्रात ७७ कॉर्स स्टेशनांचं (रोव्हरला सतत दुरुस्ती पाठवणाऱ्या कायम केंद्रांचं) जाळं आल्यापासून मोजणीचा वेग बदलला आणि रोव्हरवर विश्वास बसला, तो योग्यच आहे. हद्द, खोदाईची कडा, रस्ता, गटार, यांना रोव्हर उत्तम. कॉलमला नाही. चांगल्या रोव्हरची आडवी अचूकता कागदावर ८ मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर असते, आणि त्याच बिंदूवर दुपारी पुन्हा उभं राहिलं की एक-दोन सेंटिमीटरचा फरक दिसणं नवल नाही. उंचीला तर आणखी जास्त.

टेप पोलादीच ठेवा. वीस अंशांनी तापमान वाढलं तर ३० मीटरची टेप सात मिलिमीटर लांबते, हे चैत्र-वैशाखात लक्षात असू द्या.

साइटवरचं पहिलं काम : हद्द

इथे तुम्ही साइटवरच्या कुठल्याही तरुण इंजिनिअरपेक्षा पुढे आहात, आणि नोकरी मागताना हेच सांगायचं. बहुतेक लाइनआउटवाले आर्किटेक्टने दिलेला प्लॉट खरा मानून आतून सुरुवात करतात. तुम्ही मोजणीची क प्रत (मोजणी खात्याचा हद्दीचा नकाशा), मंजूर नकाशा आणि जागेवरचं कुंपण, तिन्ही एकत्र ठेवून पाहू शकता. कुंपण बांधाच्या कुठल्या बाजूला घातलंय, फाळणीत कुठला कोपरा आहे, रस्तारुंदीकरणात किती जागा जाते, हे तुम्हाला कागद पाहताच दिसतं.

इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचं, म्हणजे मार्जिनचं, गणित त्यावरच आहे. मुंबई वगळता राज्याच्या बऱ्याच भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, मुंबईत स्वतंत्र नियमावली. इमारतीची बाजूची मोकळी जागा हद्दीपासून मोजली जाते, आणि जोत्याची तपासणी होते तेव्हा ती प्रत्यक्षात भरावी लागते. प्लॉट जागेवर पंधरा सेंटिमीटर कमी भरत असेल तर ते खोदाईच्या आधी, लेखी, आर्किटेक्टला कळवा. इमारत सरकवायची की फिरवायची हा निर्णय त्यांचा. मार्जिनला काठावर बसणारी इमारत असेल तर प्लास्टर आणि बाहेरच्या क्लॅडिंगची जाडीही धरली आहे का, हे विचारायला विसरू नका.

नियंत्रण बिंदू आणि ग्रिडचा सापळा

किमान चार पक्के बिंदू, खोदाईच्या आणि डंपरच्या वाटेच्या बाहेर. काँक्रीटमध्ये बोल्ट, त्याच्या माथ्यावर पंचाची खूण, भोवती लाल रंग आणि लोखंडी अँगलचं कुंपण. एवढं करूनही त्यातला एक जेसीबी उडवणारच, म्हणून शेजारच्या जुन्या इमारतींच्या भिंतींवर तीन-चार रिफ्लेक्टर स्टिकर चिकटवून त्यांचेही निर्देशांक घेऊन ठेवा. बिंदूंचा ट्रॅव्हर्स बंद करा (एका बिंदूवरून पुढच्यावर मोजत पहिल्यावर परत या), चूक वाटून टाका, आणि मग आकडे गोठवा. त्यानंतर कोणीही, तुम्ही सुद्धा, ते 'थोडेसे सुधारायचे' नाहीत.

आता तो सापळा. हद्द रोव्हरने घेतली की निर्देशांक यूटीएममध्ये (पृथ्वी उभ्या पट्ट्यांत, म्हणजे झोनमध्ये, सपाट मांडणाऱ्या नकाशापद्धतीत) येतात, आणि मोजणीवाल्याला त्याच निर्देशांकांत इमारतही बसवावीशी वाटते. यूटीएमचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर एक नसतं. झोनच्या मध्य रेखावृत्तावर ते ०.९९९६ पट असतं, आणि जसजसं तिथून दूर जावं तसं बदलतं. पुणे ७५ अंशाच्या मध्य रेखावृत्तापासून फार लांब नाही आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. दोन्ही धरून तिथे यूटीएमच्या आकड्यांनी उतरवलेली १०० मीटरची इमारत जमिनीवर सुमारे तीन सेंटिमीटर लांब होते. मुंबई त्याच झोनमध्ये, पण पश्चिमेच्या कडेला. तिथे तीच इमारत दोन-सव्वादोन सेंटिमीटर आखूड होते. एकाच कंपनीच्या दोन शहरांतल्या साइटवर उलट दिशेच्या चुका निघतात आणि सगळे यंत्राला दोष देतात.

यातून सुटका सोपी आहे. यूटीएममधून इमारतीचा फक्त एक कोपरा आणि एक दिशा घ्या. तिथून पुढे स्थानिक ग्रिड, इमारतीच्या भिंतींना समांतर, सगळी अंतरं जमिनीवरची. मूळ बिंदूला पूर्व १००० आणि उत्तर ५००० असे आकडे द्या. उणे आकडे येत नाहीत, आणि पूर्व-उत्तर उलटं भरलं तर नजरेला लगेच खटकतं.

लाइनआउट, क्रमाने

खोदाईची रेष फक्कीने मारा, पण फुटिंगच्या कडेवर नाही. उतार आणि शटरिंगवाल्याला उभं राहायची जागा सोडून. ती किती हे साइट इंजिनिअरला विचारून घ्या, माती आणि मुरूम यांना वेगवेगळी लागते.

खड्ड्याच्या बाहेर, ग्रिडच्या दोन्ही टोकांना बुर्जी बांधून घ्या : विटांचे छोटे खांब, माथा प्लास्टर करून त्यावर रेष कोरलेली आणि खिळा मारलेला. टोटल स्टेशन असताना याची गरज काय, असं वाटेल. गरज अशी की तुम्ही घरी गेल्यावर रात्री साडेनऊला मिस्त्रीला दोरी ताणून पाहता आली पाहिजे. त्याच्या दोरीने आणि तुमच्या यंत्राने एकच जागा दाखवली तर ती जागा खरी. प्रत्येक बुर्जीवर ग्रिडचं नाव रंगाने लिहा, आणि माथे शक्यतो एका लेव्हलला ठेवा.

खड्ड्यात पीसीसी (पायाखालचा बिनसळ्यांच्या काँक्रीटचा थर) झाली, ती चालण्याइतकी घट्ट झाली, की त्यावर फुटिंगच्या कडा आणि कॉलमचे कोपरे. आधी चार टोकाचे कॉलम द्या, कर्ण मोजा, मग आतले. कर्ण टेपने मोजायचा, यंत्राने नाही, आणि टेपचं दुसरं टोक साइट इंजिनिअरच्या हातात द्यायचं. १२ बाय ९ मीटरच्या चौकटीचा कर्ण १५ मीटर. इतका सरळ आकडा नसेल तर आदल्या रात्री काढून वहीत लिहून न्या. आतल्या प्रत्येक कॉलमला शेजारच्या दोन कॉलमपासून टेपने तपासा. निर्देशांक बरोबर उतरले आहेत हे यंत्र सांगतं. निर्देशांकच चुकीचे होते हे ते सांगू शकत नाही, टेप आणि ड्रॉइंग सांगतं.

पुढचा क्षण सगळ्यात दुर्लक्षित. फुटिंगच्या जाळीवर कॉलमच्या सळ्या उभ्या बांधल्या, मार्किंगप्रमाणे आहेत, तुम्ही सही केली. मग काँक्रीट पडतं, व्हायब्रेटर लागतो, एखादा कामगार सळ्यांना धरून चढतो, आणि अख्खा पिंजरा तीन सेंटिमीटर सरकतो. काँक्रीट ओलं असताना पुन्हा दोरी लावून पाहायला तिथे उभे राहा. ओल्या काँक्रीटमध्ये सरळ होणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी सळी वाकवण्यावर येते, आणि सळ्या किती वाकवायच्या हे ठरवायला मग कन्सल्टंटला बोलवावं लागतं. दुसऱ्या दिवशी फुटिंगच्या माथ्यावर कॉलम पुन्हा आखून द्या. स्टार्टर, म्हणजे कॉलमचा पायथ्याचा छोटा काँक्रीटचा तुकडा, या आखणीवर बसतो आणि वरची सगळी उंची या स्टार्टरवर.

पाइलच्या (जमिनीत खोल जाणाऱ्या पायाच्या खांबांच्या) कामाची सवलत मोठी आहे, आयएस २९११ मध्ये जागेसाठी साधारणपणे ७५ मिलिमीटरपर्यंत. पण रिग (पाइल खोदणारं यंत्र) चिखलात उभी राहताना तुमची खुंटी हमखास गाडते. प्रत्येक पाइलला दोन बाजूंना ठरावीक अंतरावर साक्षीच्या खुंट्या ठेवा.

लेव्हल

उंचीच्या चुका आडव्या चुकांपेक्षा उशिरा कळतात आणि पाण्याने कळतात. दोन तात्पुरते बेंचमार्क (उंची माहीत असलेल्या खुणा), एकमेकांपासून लांब, आणि प्रत्येक दिवशी एकावरून सुरुवात करून दुसऱ्यावर शेवट. लेव्हलपासून पुढच्या आणि मागच्या पट्टीचं अंतर शक्य तितकं सारखं.

ड्रॉइंगमधली उंची तयार फरशीची आहे की स्लॅबच्या माथ्याची, हे प्रत्येक वेळी विचारा. मधला फरक फरशी आणि तिच्या खालच्या मालाइतका असतो. संडास-बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, बाल्कनीचा थोडा. जोत्याची उंची रस्त्यापासून धरली असेल तर रस्त्याचा मध्य की कडा, हेही कागदावर घ्या. प्रत्येक मजल्यावर कॉलमला तयार फरशीपासून एक मीटर उंचीची रेष मारून द्या. गवंडी, प्लंबर, खिडकीवाला, सगळे तिथून मोजतात आणि तुम्हाला दिवसातून दहा वेळा हाक मारायची थांबतात.

वरचे मजले

खालच्या मजल्याच्या कॉलमवरून वरचा मजला आखू नका. प्रत्येक मजल्याची दोन-तीन मिलिमीटरची चूक एकाच बाजूला साठत गेली की दहाव्या मजल्यावर लिफ्टवाला येऊन ओळंबा सोडतो आणि मग बैठक बसते. तळमजल्यावर इमारतीच्या आत, ग्रिडपासून एक मीटर आत सरकवलेले चार बिंदू पक्के करा. प्रत्येक स्लॅबमध्ये त्यांच्या बरोबर वर छोटी चौकोनी भोकं ठेवायला शटरिंगवाल्याला आधीच सांगा. स्लॅब भरल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. या भोकांतून लेझर किंवा ऑप्टिकल प्लमेटने (सरळ उभी रेष दाखवणाऱ्या यंत्राने) बिंदू वर घ्या. यंत्र चार दिशांना फिरवून चार खुणा घ्या आणि त्यांचा मध्य धरा. वर आलेल्या चार बिंदूंमधली अंतरं आणि कर्ण तळमजल्याशी ताडून पाहा, मगच आखणी. उंच इमारतीवर हे काम सकाळी लवकर करा. दुपारच्या उन्हात एक बाजू तापून इमारत किंचित कलते.

अ‍ॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कची साइट असेल तर लक्षात घ्या, तिथे भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात आणि चूक झाकायला जाड प्लास्टर नसतं.

एक साधी गोष्ट : स्लॅबवर प्रिझम धरणारा पोरगा यंत्राकडे बघत मागे मागे सरकतो. कडेला रेलिंग नसेल तिथे त्याला सेफ्टी बेल्ट अडकवल्याशिवाय उभं करू नका, कितीही घाई असली तरी.

माणसं आणि कागद

मोजणीला गेल्यावर गाव तुमच्यासाठी खुर्ची टाकत होतं. इथे टाकणार नाही. साइट इंजिनिअर तुमच्या मुलाच्या वयाचा असेल, तो तुम्हाला 'सर' म्हणेल आणि तरी कामाचा क्रम तोच ठरवेल. फिटर आणि सुतार बऱ्याचदा बिहार, बंगाल, ओडिशाकडचे, म्हणजे बोलणं हिंदीत. ओळंब्याला साहुल, गुण्याला गुनिया. मुकादमाशी पहिल्या दिवशी चहा घ्या. कुठल्या रंगाची खूण कशाची, हे त्याच्याशी ठरवा : ग्रिड लाल, कॉलमची कड काळी, लेव्हल निळी, असं काहीही चालेल, पण शेवटपर्यंत तेच.

पंचनामा, जबाब, सह्या यांची तुमची सवय इथे सोन्यासारखी आहे. प्रत्येक मार्किंगचा एक कागद ठेवा : तारीख, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, कुठल्या बिंदूवर यंत्र, बॅकसाइट कुठली, तिसऱ्या बिंदूवरचा फरक किती, कर्ण ड्रॉइंगप्रमाणे किती आणि टेपने किती, आणि ताब्यात घेणाऱ्याची सही. मोबाइलवर फोटोही घ्या. काँक्रीटच्या आधी जी तपासणीची यादी भरतात त्यात तुमची सही तुमच्या कामापुरतीच करा. शटरिंगच्या आधाराची किंवा सळ्यांच्या व्यासाची जबाबदारी तुमची नाही.

"आत्ता देऊन टाका, उद्या चेक करू" याला नकार देता आला पाहिजे. सरळ नाही म्हणण्यापेक्षा एक वाक्य उपयोगी पडतं : "तपासलेले आठ कॉलम आत्ता देतो, त्यावर काम सुरू करा, बाकीचे चारपर्यंत." काम थांबत नाही आणि न तपासलेलं काही बाहेर जात नाही.

नोकरी आणि करार

मुलाखतीला जुन्या मोजण्यांची संख्या सांगून फारसं होत नाही. एखाद्या सेंटर लाइन प्लॅनवरून तुम्ही काढलेली बिंदूंची यादी, तिचा हाताने केलेला ताळा आणि कर्णांचा तक्ता, असा दोन पानी नमुना घेऊन जा. त्यांना विचारायच्या गोष्टीही ठरवून जा. यंत्र कोणाचं आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं? मदतनीस कायमचा की रोज नवा? रात्रीच्या काँक्रीटला थांबावं लागेल का? माझं मार्किंग दुसरं कोण तपासतं? शेवटच्या प्रश्नाला "तपासायची काय गरज, तुम्ही आहात ना" असं उत्तर आलं तर पगार कितीही असो, मी ती साइट सोडून देईन.

पहिल्या साइटवर महिन्याचा ठरलेला पगार घ्या. चौरस फुटाचा किंवा खेपेचा दर नंतर. दरावर काम घ्याल तेव्हा लेखी करारात तीन ओळी असू द्या : ड्रॉइंगची रिव्हिजन बदलल्यामुळे पुन्हा करावं लागलेलं लाइनआउट वेगळं धरलं जाईल, ताब्यात दिलेले नियंत्रण बिंदू जपण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील, आणि सही करून घेतल्यानंतर चोवीस तासांत हरकत आली नाही तर ते मार्किंग मान्य झालं असं समजलं जाईल.